दौऱ्यावर असतानाचा हिवाळी सराव

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या सायकलस्वाराला वर्षातले हक्काचे महिने मिळतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस ओसरलेला असतो, घाटातले निसरडे रस्ते कोरडे झालेले असतात, पहाटेचा पारा बऱ्याचदा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळचे नऊ वाजले तरी ऊन सोसवते. सिंहगड, बोपदेव, दिवेघाट, कात्रजचा जुना घाट या रस्त्यांवर याच दिवसांत सायकलींची वर्दळ असते. आपण ज्यांना बीआरएम म्हणतो त्या लांब पल्ल्याच्या राईडची तयारीही अनेक जण याच काळात करतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा ३०० किलोमीटर २० तासांत पूर्ण करायचे, तर आठवड्यामागून आठवडे सराव टिकवावा लागतो. नेमके याच दिवसांत अनेकांचे नोकरीतले दौरेही वाढतात. बंगळुरूला ग्राहकाची बैठक, चेन्नईच्या कारखान्यात तपासणी, दिल्लीला प्रदर्शन, आणि मुंबईच्या फेऱ्या तर चालूच. मग दौरा लागला की सराव बुडाला असे समजून कित्येक चांगले सायकलस्वार डिसेंबरातच यंदाच्या हंगामावर पाणी सोडतात. असे करण्याची मुळीच गरज नाही, हे मला आज आपल्याला सांगायचे आहे.

प्रथम नुकसान किती होते ते पाहू. सराव पूर्ण थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे, म्हणजे प्लाझ्माचे प्रमाण कमी होऊ लागते. त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते आणि तीच चढण त्याच वेगाने चढताना ठोके वाढलेले दिसतात. दोन-तीन आठवडे असेच गेले, तर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिला आपण व्हीओटू मॅक्स म्हणतो, ती काही टक्क्यांनी खाली येते. याचा अर्थ असा की तीन-चार दिवसांच्या एखाद्या दौऱ्याने काहीही बिघडत नाही, उलट थकलेल्या पायांना विश्रांतीच मिळते. खरा प्रश्न आहे तो दोन महिने दर आठवड्याला तीन-चार दिवस बाहेर असणाऱ्या माणसाचा.

अशा माणसासाठी अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेले प्रयोग फार मोलाचे आहेत. त्यांनी काही जणांकडून १० आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, रोज ४० मिनिटे सायकलिंग आणि धावणे असा कडक सराव करून घेतला आणि नंतर १५ आठवडे तो वेगवेगळ्या प्रकारे कमी केला. सरावाचे दिवस ६ वरून २ वर आणले, पण जोर तोच ठेवला, तेव्हा व्हीओटू मॅक्स टिकून राहिला. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेवढेच ठेवून ४० मिनिटांची १३ मिनिटे केली, तरीही तो टिकला. जोर मात्र एक-तृतीयांशाने कमी करताच तो घसरला. म्हणून दौऱ्यावर वेळेला हवी तेवढी कात्री लावावी, जोराला लावू नये. याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती विसरून चालणार नाही: रोज १३ मिनिटेच सराव करणाऱ्यांचा दीर्घकाळ टिकून राहण्याचा दम कमी झाला. त्यामुळे पुण्यातल्या रविवारच्या लांब राईडला पर्याय नाही. आठवडाभर बाहेर असणाऱ्याने ती जिवापाड जपावी.

आता हॉटेलच्या जिममधल्या सायकलीकडे वळू. तिच्यावर बसून टीव्ही पाहत पाऊण तास पाय फिरवण्याला सराव म्हणता येणार नाही. सर्वांत आधी सॅडलची, म्हणजे बसायच्या सीटची उंची लावावी. घरच्या सायकलीच्या क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, आसाच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचे अंतर एकदा नीट मोजून फोनमध्ये लिहून ठेवावे आणि शिंप्याकडे असते तशी कापडी टेप बॅगेत कायमची टाकून द्यावी. जिमच्या सायकलीवर सॅडलच्या दांड्याला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असतात, त्यामुळे उंची तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी वरच्या भोकापेक्षा खालचे निवडावे, कारण सॅडल फार उंच झाले की कंबर दोन्ही बाजूंना डोलू लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत खुर्चीवर बसणेही कठीण होते. पडद्यावर दिसणाऱ्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये, कारण दोन जिममधल्या दोन सायकली एकाच मेहनतीला वेगवेगळे आकडे दाखवतात. आपला श्वास हेच माप धरावे.

१० मिनिटे हलके पेडल मारून अंग गरम करावे. मग ४ मिनिटे इतका जोर लावावा की तोंडातून दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य निघू नये, आणि त्यानंतर ३ मिनिटे अगदी हलके चालवावे. अशा चार खेपा आणि शेवटी ५ मिनिटे पाय मोकळे करणे, एवढे पाऊण तासात सहज बसते. पहिल्या खेपेत फार जोर केला तर चौथी वाया जाते, म्हणून पहिली खेप थोडी राखून करावी. स्पिन बाईक असेल तर एक काळजी अवश्य घ्यावी: तिचे जड चाक बहुधा पेडलला थेट जोडलेले असते, त्यामुळे रस्त्यावरच्या सायकलीसारखे पेडल मध्येच थांबवायला गेल्यास गुडघ्याला हिसका बसतो. वेग हळूहळू उतरवावा किंवा ब्रेकची मूठ दाबावी. बंद खोलीत समोरून वारा लागत नाही आणि अंग लवकर तापते, तेव्हा पंखा आपल्याकडे वळवून घ्यावा आणि पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवाव्यात. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांनी असा जोराचा सराव डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.

साध्या लॉजमध्ये जिम नसते, पण जिना असतो. पाच-सहा मजले न थांबता चढावेत आणि खाली येताना लिफ्ट घ्यावी. जिना उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि ज्याला सवय नाही त्याचे पाय पुढचे दोन दिवस ठणकतात. जिन्याकडचे दार जिन्याच्या आतून उघडते ना, हे सुरुवातीलाच पाहून घ्यावे आणि स्वागतकक्षात सांगून ठेवावे.

स्वतःची सायकल विमानाने न्यावी का, असे मला बरेच जण विचारतात. आठवड्याच्या आतल्या दौऱ्याला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलोचे सामान मोफत असते. पेटीसह सायकल त्याच्या वर जाते, आणि ती खोलण्या-जोडण्यात जो वेळ जातो त्यात दोन चांगले सराव होतात. परगावी कोणी ओळखीचा सायकलस्वार असेल आणि त्याची सायकल आपल्या मापाची असेल, तर गोष्ट वेगळी. बंगळुरूत थंडीतली सकाळ बाहेर पडण्याजोगी असते. दिल्लीत मात्र डिसेंबर-जानेवारीत आधी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर गेला की हवा वाईट आणि ३०० च्या वर गेला की अतिशय वाईट मानली जाते. जोराच्या सरावात आपण विश्रांतीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, तीही नाकाने न गाळता तोंडाने. अशा दिवशी खोलीत राहणेच शहाणपणाचे.

आठवड्याची आखणी प्रवासाची तिकिटे पाहून करावी. रविवारी पुण्यात लांब राईड केली तर सोमवारचा प्रवास आपोआप विश्रांतीचा होतो. मंगळवारी आणि गुरुवारी बैठकींच्या आधी सकाळी जोराचा सराव, शुक्रवारी रात्री परत, शनिवारी तासभर हलकी राईड, अशी घडी बहुतेकांना बसवता येते. रात्रभर बसने प्रवास करून झोप झाली नसेल, तर मात्र त्या सकाळचा सराव निःशंकपणे सोडून द्यावा. न झोपलेल्या शरीरावर जोराचा सराव लादला की हाती दुखणे येते. जेवणाचे वेळापत्रक परक्याच्या हाती असते हे खरे, तरी सकाळच्या नाश्त्यात अंडी, डाळीचे पदार्थ, दही यांपैकी काहीतरी पोटभर घेणे आपल्याच हाती असते.

मोठ्या दौऱ्यावरून परतल्यावर पहिल्याच दिवशी सिंहगडाच्या घाटाला भिडण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी टायरमधली हवा तपासावी, कारण उभ्या सायकलीची ट्यूब आठवड्याभरात बरीच उतरलेली असते. मग खडकवासल्यापर्यंत बेताने जाऊन यावे. नेहमीच्या वेगाला ठोके थोडे जास्त दिसले तर घाबरू नये, दोन-तीन राईडमध्ये ते जागेवर येतात. सिंहगड त्यानंतरच्या रविवारी घ्यावा, आणि चढताना घामाने भिजलेल्या अंगाला उतरताना गार वारा झोंबतो, म्हणून विंडचीटर न विसरता खिशात ठेवावे.

धन्यवाद.