खसखशीचं सारण आणि 11 नोव्हेंबर

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात पोलंडवर बोलायचं म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या निर्वासितांची वळिवड्याची छावणी तुम्हाला मी सांगायला नको. 1943 ते 1948 या काळात तिथे जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. महावीर उद्यानातल्या त्यांच्या स्मारकापाशी तुमच्यातले काहीजण रोज फिरायला जात असतील. तेव्हा ती माणसं कोण, कुठून आली, हे सगळं सोडून मी थेट त्यांच्या सणाकडे येतो.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पोलंडचा स्वातंत्र्यदिन : बंदी आणि पुनर्जन्म’. तो दिवस 11 नोव्हेंबर. बंदीकडे येतोच. पण त्याआधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. दर वर्षी 12 नोव्हेंबरला आपल्या बातम्यांत पोलंड दिसलाच, तर एकच चित्र दिसतं. वॉर्सातला मोर्चा, तरुणांच्या हातात पेटलेल्या मशाली, सगळीकडे लाल धूर. मला ते बघून वाईट वाटतं. चित्र खरंच आहे, मोर्चा निघतोच. पण आपल्या गणेशोत्सवातला फक्त डीजे दाखवून कुणी म्हणावं, हा बघा महाराष्ट्र, तसं ते वाटतं. मी कामानिमित्त पश्चिम पोलंडमधल्या पोझनान शहरात राहिलो, दोन नोव्हेंबर तिथे काढले. त्या दोन नोव्हेंबरांतलं काहीच या चित्रात नाही.

आधी तारखेचं बघू. 1772, 1793 आणि 1795 असे तीन वेळा रशिया, प्रशिया आणि (1793 सोडून) ऑस्ट्रियाने पोलंडचे तुकडे करून वाटून घेतले. तिसऱ्या वाटणीनंतर देश नकाशावरून गेला तो 123 वर्षं. हा आकडा तिथे शाळकरी पोरालाही पाठ असतो. मग पहिलं महायुद्ध संपत आलं, तिन्ही साम्राज्यं एकापाठोपाठ कोसळली. पोलिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता युझेफ पिउसुद्स्की जर्मनांच्या कैदेत होता माग्देबुर्गला. तो सुटून 10 नोव्हेंबर 1918 ला सकाळी आगगाडीने वॉर्सात उतरला आणि दुसऱ्या दिवशी सैन्याची सूत्रं त्याच्या हाती दिली गेली. म्हणून 11 नोव्हेंबर. पण क्राकुव्ह 31 ऑक्टोबरलाच ऑस्ट्रियनांच्या हातून सुटलं होतं. लुब्लिनला 7 नोव्हेंबरला वेगळंच सरकार स्थापन झालं होतं. हीच तारीख कायद्याने पक्की व्हायला 1937 उजाडलं.

आणि पोझनान? पोझनानमध्ये 11 नोव्हेंबरला काहीच सुटलं नव्हतं! शहर जर्मनांच्याच ताब्यात होतं. तिथला उठाव पेटला 27 डिसेंबरला. जगप्रसिद्ध पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की आदल्याच दिवशी शहरात आला होता, त्याच्या स्वागताला रस्ते भरले आणि त्यातून बंदुका निघाल्या.

माझी घरमालकीण सत्तरी ओलांडलेली बाई. मला ‘पान इंजिनिअर’ म्हणायची. ‘पान’ म्हणजे आपलं ‘साहेब’. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं, तुमच्या घरात त्या दिवशी काय घडलं होतं? ती म्हणाली, “पान इंजिनिअर, त्या दिवशी माझे आजोबा जर्मन गणवेशात होते.” पोझनानचे पोलिश तरुण जर्मन सैन्यातच भरती व्हायचे, दुसरा मार्गच नव्हता. युद्धावरून तोच कोट अंगात घालून आजोबा घरी आले आणि डिसेंबरात त्याच कोटावर पांढरी-लाल फीत लावून उठावात गेले. दुसरा कोट होताच कुठे? त्या फितीचा एक तुकडा तिने मला दाखवला. प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलेला. पांढरा रंग पिवळा पडलेला आणि लाल रंग विटकरी झालेला.

मग मी विचारलं, तुमचं शहर त्या दिवशी सुटलंच नाही, तर इथे 11 नोव्हेंबरला एवढी धामधूम कसली? ती म्हणाली, “आज आमच्या रस्त्याचा नामदिन!” आता हे नीट ऐका, माझं सगळं म्हणणं यात आहे. 11 नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. तिकडे वाढदिवसापेक्षा नावाच्या संताचा दिवस साजरा करायची जुनी पद्धत आहे. आणि पोझनानच्या मधोमध जो मोठा रस्ता आहे, त्याचं नावच संत मार्टिन. म्हणजे रस्त्याचा नामदिन! रोमन शिपायाच्या वेशातला मार्टिन घोड्यावर बसून मिरवणुकीने येतो, पोरं वडिलांच्या खांद्यावर बसून बघतात, आणि त्याला शहराच्या किल्ल्या दिल्या जातात. कुठे, तर कैसरच्या राजवाड्यासमोर. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने पोझनान कायमचं जर्मन राहणार या भरवशावर 1910 मध्ये बांधून पुरा केलेला तो प्रचंड दगडी वाडा आज सांस्कृतिक केंद्र आहे.

आणि त्या दिवशी अख्खं शहर खातं ते रोगाल. नाव ऐकून दचकू नका, आपल्या रोगाशी त्याचा संबंध नाही. ‘रुग’ म्हणजे शिंग. शिंगासारखा वळलेला, पदर सुटलेल्या खमिराच्या पिठाचा पाव, वरून साखरेचा पाक आणि बदाम-दाण्यांचा चुरा. एकेक दीडशे ते अडीचशे ग्रॅमचा. मार्टिनच्या घोड्याचा निखळलेला नाल एका बेकरीवाल्याला सापडला, त्यावरून हा आकार आला, असं सांगतात. दुसरी कथा 1891 ची. संत मार्टिनच्या चर्चमधल्या पाद्र्याने उपदेशात सांगितलं, मार्टिनने आपला झगा तलवारीने अर्धा कापून भिकाऱ्याला दिला, तुम्हीही गरिबांसाठी काही करा. ते ऐकून एका बेकरीवाल्याने रोगाल भाजले. श्रीमंतांनी विकत घेतले, गरिबांना फुकट वाटले.

आता इकडच्या बाजूच्या बायकांनी लक्ष द्या. सारण! खसखस, अक्रोड, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल, साखर. पोलिश घरांत एरवी खसखस असते ती निळसर काळी. रोगालला मात्र ती चालत नाही, पांढरीच लागते. म्हणजे आपली! अनारशावरची, करंजीच्या सारणातली. मी पहिला घास घेतला आणि हात थांबला. नोव्हेंबरची कडाक्याची थंडी, चार वाजता अंधार, दिवाळीत घरी जायला मिळालं नव्हतं, आणि तोंडात भाजलेल्या खसखशीची चव. त्या बाईंना मी फोनवर आईच्या करंजीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हिच्यावर पाक नाही?”

या पदार्थाला 2008 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. आपल्या कोल्हापुरी चपलेसारखंच समजा. ठरलेल्या भागात, ठरलेल्या कृतीने केला आणि प्रमाणपत्र असलं, तरच ते पूर्ण नाव लावता येतं. बेकऱ्यांत ते प्रमाणपत्र काउंटरच्या वर चौकटीत लावलेलं असतं आणि रांगेतली म्हातारी माणसं खरोखर मान वर करून ते वाचतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, बंदी.

11 नोव्हेंबर 1937 मध्ये राष्ट्रीय सण झाला. कायदेशीर सण म्हणून तो किती वेळा साजरा झाला? दोन वेळा. 1937 आणि 1938. 1939 ला हिटलर आणि स्टालिन दोघेही आत घुसले. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने 22 जुलै हा राष्ट्रीय दिवस केला, मॉस्कोच्या आशीर्वादाने 1944 मध्ये निघालेल्या जाहीरनाम्याचा दिवस. 11 नोव्हेंबर साधा कामाचा दिवस झाला, शाळा चालू, कारखाने चालू. 22 जुलैला संचलनं झाली, सुट्टी मिळाली, सगळं झालं. आज त्या तारखेला पोलंडमध्ये कुणी काही करत नाही. दोन वर्षांचा सण टिकला आणि चार दशकांहून जास्त पाळलेला गेला, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माझं म्हणणं असं, की 11 नोव्हेंबर लोकांच्या घरात आधीपासूनच होता. 1 नोव्हेंबरला अख्खा देश दफनभूमीत जाऊन काचेचे दिवे लावतो, पाठोपाठ सैनिकांच्या कबरींची आठवण निघतेच. मार्टिनच्या दिवशी कुठे हंस भाजतात, कुठे रोगाल. घरमालकीणबाई म्हणायच्या, शाळेत त्या दिवसाचं नाव काढायचं नाही हे आम्हाला माहीत होतं, पण रोगाल कापताना वडील आजोबांच्या कोटाची गोष्ट सांगायचे. रोगालवर बंदी कोण घालणार?

पुढचं भराभर सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी विरोधक 11 नोव्हेंबरला चर्चमधल्या प्रार्थनेनंतर वॉर्सात अज्ञात सैनिकाच्या समाधीकडे फुलं घेऊन जायला लागले, पोलीस धरपकड करायचे. ती समाधी ज्या कमानींखाली आहे, तेवढ्याच तिथल्या सॅक्सन राजवाड्याच्या उरल्यात. बाकीचा जर्मनांनी 1944 मध्ये सुरुंग लावून उडवला. फेब्रुवारी 1989 मध्ये संसदेने सण परत आणला. कम्युनिस्टांना हरवणाऱ्या जूनच्या त्या प्रसिद्ध निवडणुकीच्या आधी, म्हणजे जुन्याच संसदेने! आता दर 11 नोव्हेंबरला दुपारी बाराला त्या समाधीपुढे सरकारी सोहळा होतो. वॉर्सातच दहा किलोमीटरची शर्यत असते, निम्मे धावणारे पांढऱ्या सदऱ्यात आणि निम्मे लाल, म्हणजे सुरुवातीला रस्ताभर झेंडाच दिसतो. क्राकुव्हच्या चौकात छापील गाण्यांची पुस्तिका हातात घेऊन हजारो लोक एकत्र गातात. ग्दान्स्कमध्ये संचलन असतं, लोक सहकुटुंब येतात. छातीवर पांढऱ्या-लाल फितीची गोल फुलं लावतात, आया मुलांबरोबर ती घरी बनवतात.

आणि तो मोर्चा. 2010 नंतर तो मोठा होत गेला, आयोजक कट्टर राष्ट्रवादी संघटना. काही वर्षी त्यात वर्णद्वेषी फलक दिसले आणि त्यावरून पोलंडमध्येच कडाक्याचं भांडण झालं. त्यात साधी माणसंही हजारोंनी चालतात, तेही खरं. यावर अर्धा तास बोलायचं होतं, राहिलं.

एकच सांगून थांबतो. दुसऱ्या वर्षी बाराच्या सुमाराला मी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात होतो. टीव्हीवर वॉर्सातला सोहळा चालू होता. राष्ट्रगीत सुरू झालं, ‘पोलंड अजून मेलेला नाही, आम्ही जिवंत आहोत तोवर’. 1797 मध्ये, देश पुसला गेल्यावर दोन वर्षांनी, इटलीत लढणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी ते लिहिलं गेलं. बाई रोगाल कापत होत्या. सुरी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या आणि सगळी कडवी म्हणाल्या. शेवटच्या ओळीनंतर बसल्या, रोगालचा राहिलेला काप पुरा केला आणि अर्धा माझ्या ताटलीत ठेवला.

दुसरी चिठ्ठी आली. दाराजवळ टेबलावर दोन परातींत रोगाल आहेत. परवा इथल्याच एका बेकरीची भट्टी मागून घेऊन मी आणि माझ्या बायकोने भाजले, खसखस गावातल्या दुकानातली आहे. साठ आहेत आणि आपण शंभराच्या वर दिसतोय. सुरी परातीतच ठेवली आहे. शेजारच्याला विचारून अर्धा-अर्धा घ्या.