मतदानाच्या तारखेपासून उलटं मोजताना

[दृश्य: नव्या डांबरी रस्त्याच्या मधोमध चालू असलेली खोदाई]

डांबराचा काळा रंगही अजून उतरलेला नाही आणि रस्ता पुन्हा खणला जातोय. खालची मलवाहिनी बदलायची राहून गेली होती. पुन्हा उभं राहायला निघालेल्या नगरसेवकाची सगळ्यांत महागडी चूक हीच: वरचं आधी, खालचं नंतर.

अशी घाई का होते? कारण कामांचा क्रम लागतो तो मागणीनुसार, कॅलेंडर न बघता. खरं तर मतदानाच्या तारखेपासून उलटं मोजायला हवं. अंदाजपत्रकात तरतूद, अभियंत्याचं एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, निविदा, छाननी, कार्यादेश. कुदळही न मारता यात सहा-आठ महिने सहज जातात. फेरनिविदा काढावी लागली तर आणखी. पावसाचे किंवा कडक थंडीचे महिने वजा करा. अनेक ठिकाणी मतदानाआधीचे काही आठवडे नव्या घोषणांवर बंधनं असतात, तेही वजा करा. शेवटच्या वर्षात हातात उरलेल्या महिन्यांत मोठी नवी योजना बसत नाही. अर्धवट पडलेली कामं मात्र बसतात.

[दृश्य: टेबलावर जुना जाहीरनामा, शेजारी कामांची वही]

तेव्हा नवा जाहीरनामा लिहिण्याआधी जुना काढायचा. काय कबूल केलं, किती झालं, कशाने अडलं. पैशांअभावी अडलेलं काम अंदाजपत्रकात सोडवता येतं. जागेच्या वादात न्यायालयात गेलेलं काम वर्षभरात सुटेल याचा भरवसा नाही. लोकांना तसं सांगून टाकलेलं बरं.

पण नवी कामं राहोत, रोजची सेवा कोलमडली तर बाकी सगळं वाहून जातं. जानेवारी १९७९मध्ये शिकागोत प्रचंड बर्फ पडला, रस्ते कित्येक दिवस मोकळे झाले नाहीत. फेब्रुवारीतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवलं. नगरसेवकाच्या प्रभागात बर्फाच्या जागी कचरा, पाणी किंवा बंद दिवे असतील, एवढाच फरक.

म्हणून तक्रारवही माणसांच्या नावांनी लावू नये, जागेनुसार लावावी. एकाच चेंबरची तक्रार तीनदा आली, तर तो सफाईचा प्रश्न राहिलेला नाही.

[दृश्य: उघडं चेंबर, लेव्हल घेणारा अभियंता]

मलवाहिनीत पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने तरी वाहावं लागतं, नाहीतर गाळ बसत जातो. उतारच कमी असेल, तर दर महिन्याला यंत्र लावून साफ केलेली लाइनही पुन्हा तुंबणार. आधी चेंबर ते चेंबर लेव्हल, म्हणजे तळाची उंची, मोजून घ्यायची. पाइप बदलायचा, की नुसता साफ करायचा, हे त्यानंतर.

पाइप टाकला, की खरी परीक्षा चर बुजवताना. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबावा लागतो. एकदम ढकलून दिला, की पहिल्या जोरदार पावसात चर खचतो. वरच्या डांबराला तडा जातो, तड्यातून पाणी खडीत शिरतं, चाकांच्या दाबाने खडी सुटते. खड्डा दिसतो वर, पण सुरू होतो खालून. फीत कापायच्या दिवसापेक्षा नगरसेवकाने या दिवशी जागेवर असावं. फोटो चांगला येणार नाही, इतकंच.

एक तारीख हमखास विसरली जाते: कंत्राटदाराच्या दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामातले दोष त्याने स्वतः दुरुस्त करून द्यायचा काळ. ती संपण्याआधी पाहणी, नोंद आणि लेखी नोटीस झाली, तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते. चुकली, तर त्याच रस्त्याला पालिकेला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

[दृश्य: तोच खणलेला रस्ता, चरात उघड्या पडलेल्या केबल]

आणि जमिनीखाली पालिका एकटी नसते. वीज, गॅस, दूरसंचार, पाणीपुरवठा. डांबरीकरणाचं एस्टिमेट मागवतानाच या प्रत्येकाला पत्र जायला हवं: येत्या वर्षभरात या रस्त्यावर तुमची खोदाई आहे का? उत्तर लेखी घ्यायचं, फोनवरचं चालत नाही. डांबराची निविदा सगळी उत्तरं आल्यावर.