छातीवरचं सोडा, कोपऱ्यातलं बघा

सुपरमॅनच्या छातीवरचा एस आणि बॅटमॅनचं वटवाघूळ यावर बोलणारे खूप आहेत, त्यामुळे मी आज तिकडे जातच नाही. मला कॉमिक्सच्या कव्हरच्या कोपऱ्यांबद्दल बोलायचंय. ही स्लाइड बघा, 1964 चा अमेझिंग स्पायडरमॅन. मधली मारामारी जरा विसरा. वरती उजवीकडे पोस्टाच्या तिकिटासारखा कातरलेल्या कडांचा एक शिक्का दिसतोय? तो कॉमिक्स कोड अथॉरिटीचा.

1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर जाम काहूर उठलं होतं, पोरं यानेच बिघडतात म्हणून, अगदी सिनेटच्या कमिटीसमोर सुनावण्या झाल्या. मग सरकारने काही करायच्या आत प्रकाशकांनीच आपली आपण नियमावली केली. व्हॅम्पायर नको, झॉम्बी नको, पोलीस आणि जज यांची टिंगल नको, नावात हॉरर किंवा टेरर शब्द नको. म्हणजे आपल्या पिक्चरच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं ना तसंच, फक्त यामागे कायदा नव्हता. पण खरी मेख अशी की शिक्का नसला तर बरेच वितरक गठ्ठाच उचलायचे नाहीत, आणि माल स्टॉलवर पोचलाच नाही तर कायदा असला काय नसला काय, सारखंच. वाचणाऱ्या पोराला त्या शिक्क्याचं सोयरसुतक नव्हतं, तो होता धंद्यातल्या लोकांसाठी.

1971 मध्ये स्पायडरमॅनचा लेखक स्टॅन ली याने ड्रग्जच्या विरोधातली गोष्ट लिहिली, तीही सरकारच्या आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून, आणि कोडवाले म्हणाले ड्रग्ज दाखवायचेच नाहीत, विरोधात असले तरी. मग मार्व्हलने, म्हणजे स्पायडरमॅनच्या प्रकाशकाने, अमेझिंग स्पायडरमॅनचे 96, 97 आणि 98 हे अंक शिक्क्याशिवायच काढले. आभाळ काही कोसळलं नाही, आणि त्याच वर्षी कोड ढिला झाला!

आता डावीकडे या. या चौकोनात स्पायडरमॅन उभा आहे. ही आयडिया चित्रकार स्टीव्ह डिटकोची, 1963 ची. स्टॉलवर अंक एकावर एक खोचलेले असायचे, दिसायचा तो वरचा डावा कोपराच, मग हिरोलाच तिथे उभा केला. साधी गोष्ट आहे, पण मला विचाराल तर मार्व्हलच्या अख्ख्या डिझाइनमधली सगळ्यात हुशार. डीसीने, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या स्पर्धक कंपनीने, 1966 मध्ये त्याच कारणासाठी कव्हरच्या वरच्या काठाला काळे-पांढरे चौकडे छापले, ते मला अजूनही टेबलक्लॉथ वाटतात, असो.

आणि किमतीजवळ बारीक अक्षरात 'आयएनडी' लिहिलंय, हे माझं लाडकं. इंडिपेंडंट न्यूज, म्हणजे वितरक. 1957 मध्ये मार्व्हलवाल्यांचा वितरक बुडाला आणि त्यांना ज्याच्या दारात जावं लागलं त्या कंपनीचा मालक कोण, तर डीसीचाच! म्हणजे स्पर्धकाच्याच गाडीतून माल जाणार, आणि त्याने अट घातली महिन्याला साधारण आठच अंक. म्हणून तर आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका एकाच अंकात अर्धे अर्धे दाटीवाटीने राहायचे, लोकांना वाटतं ती काहीतरी कल्पक योजना होती, पण जागाच नव्हती हो. ती अट सैल झाली तेव्हा, 1968 मध्ये, दोघांना आपापला अंक मिळाला.

पुढे 1976 च्या सुमारास बारकोड आला आणि त्यातून नवीनच भानगड. स्टॉलवाला न खपलेला माल परत करू शकायचा, पण कॉमिक्सची खास दुकानं जास्त सवलतीत घ्यायची, परत न करण्याच्या बोलीवर. कोणी स्वस्तात घेतलेला माल स्टॉलच्या गठ्ठ्यात घुसवून परत केला तर? म्हणून दुकानातल्या प्रतींवर खूण वेगळी ठेवली, आधी बारकोडवर काट मारली, नंतर त्या चौकोनात चक्क स्पायडरमॅनचं तोंडच छापलं. पुढे स्टॉलचा खप आटत गेला, तेव्हा नंतरच्या वर्षांतल्या बारकोडवाल्या प्रतींना आता संग्राहक जास्त पैसे मोजतात, आतली गोष्ट शब्दन्‌शब्द तीच असली तरी.