थेंब पडतो एकीकडे, गळती असते दुसरीकडे

मित्रहो, जुन्या मोटरसायकलीच्या इंजिनाखाली ऑइलचे थेंब दिसले की "गाडी जुनी आहे, गळणारच" असे म्हणून विषय संपवण्याची पद्धत आहे, आणि ती मला मान्य नाही. गळतीला कारण असतेच. पण ते सापडण्याआधी पाना हातात घेण्याची घाई आपल्याला नडते. हे मी अनुभवाने सांगतो, कारण एका जोड-सिलिंडर इंजिनाचे हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर, मी एकाच वर्षात दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा काही दिवसांतच हेड पुन्हा ओले झाले. तिसऱ्यांदा टाकी उतरवली, तेव्हा ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी, नळी टाकीखाली दुमडून चपटी झालेली आढळली. नळी बदलली आणि तेच गॅस्केट पुढे निमूटपणे कोरडे राहिले.

त्या नळीचे काम समजून घेण्यासारखे आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, हवा दाबली जाते, आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या कडेने निसटलेला थोडा जळका वायूही तिच्यात मिसळतो. इंजिन एकाच सिलिंडरचे असेल, किंवा जुन्या ब्रिटिश जोड-सिलिंडर इंजिनांप्रमाणे दोन्ही पिस्टन एकदमच खाली येत असतील, तर हा दाब विशेष जाणवतो. त्याला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही, तर तो सर्वांत कच्चा सांधा शोधतो आणि तिथून ऑइल बाहेर ढकलतो. म्हणून काहीही उघडण्याआधी नळी काढून फुंकून पाहावी. एकेरी झडप असल्यास हवा इंजिनाकडून बाहेरच जाते ना, एवढे तपासावे. रिंगा झिजलेल्या असतील तर मात्र ब्रीदर साफ असूनही दाब वाढतो, आणि तिथे गॅस्केट बदलून काही साधत नाही.

ऑइलची पातळीही याच वेळी पाहावी. ज्या इंजिनांत ऑइल वेगळ्या टाकीत असते, त्यांत गाडी काही आठवडे उभी राहिली की पंपाच्या फटींतून ते हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. टाकी रिकामी दिसते म्हणून मालक वरून भर घालतो, आणि गाडी सुरू झाल्यावर जास्तीचे ऑइल ब्रीदरमधून बाहेर पडते. अशा गाडीची पातळी इंजिन काही मिनिटे चालवल्यानंतरच मोजावी.

आता प्रत्यक्ष शोधाकडे येऊ. ऑइल वरून खाली उतरते हे सर्वांना ठाऊक असते, पण चालत्या गाडीत वारा त्याला मागेही ढकलतो, हे विसरले जाते. त्यामुळे टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोकाच्या झाकणातून, पाझरलेले ऑइल गिअरबॉक्सच्या तळाशी ठिबकते आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला लागतो. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने पंखांच्या खाचांपर्यंत धुवावे, पूर्ण कोरडे होऊ द्यावे, आणि संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरीचा हलका थर फुंकावा. मग इंजिन जागेवरच सुरू करून दर दोन-तीन मिनिटांनी विजेरी आणि छोटा आरसा घेऊन पाहावे. पांढऱ्या थरावर प्रथम केसाएवढी काळसर रेघ उमटते, मग ती खाली पसरते. त्या रेघेचे वरचे टोक हे गळतीचे ठिकाण. उभ्या गाडीत काही दिसले नाही, तर जवळच एक छोटी फेरी मारून पुन्हा पाहावे. पुढच्या स्प्रॉकेटभोवतीचा (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाभोवतीचा) चिकट काळा थर अनेकदा नुसते चेनचे वंगण असते, तेवढे बोटांत चोळून ओळखावे.

सांधा सापडला की गॅस्केट बदलण्याइतकेच त्याखालचा पृष्ठभाग तयार करणे महत्त्वाचे आहे. जुने गॅस्केट स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, कारण अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडाही ऑइलला पुरेसा असतो. बोल्टच्या भोकाभोवती नख फिरवून पाहिले तर तिथे धातू किंचित वर उचललेला लागतो. वर्षानुवर्षे जास्त आवळल्याची ती खूण आहे. जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडे रॉकेल टाकून, कव्हर इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासावे. उंचवटे लगेच मळकट राखाडी होतात आणि खोलगट भाग पूर्वीसारखेच राहतात. सगळीकडे एकच रंग आला की थांबावे. सीलंट लावायचाच तर पातळ पापुद्र्याएवढा, कारण आत दाबली गेलेली जाड वळी तुटून पंपाच्या जाळीत अडकते. कव्हरचे 6 मिलिमीटरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरपर्यंत, समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. एकाच्या जरी आट्यांनी दगा दिला असेल, तर आधी आटे दुरुस्त करावेत.

ऑइल सीलचे, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी ओठाच्या कड्याचे, प्रकरण थोडे वेगळे आहे. सील नवे बसवूनही गळती राहिली, तर शाफ्टवर नख फिरवावे. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडलेली असते. जागा असेल तर नवे सील एखादा मिलिमीटर पुढेमागे बसवून त्याचा ओठ कोऱ्या धातूवर आणता येतो, नसल्यास शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. बसवताना ओठाला ग्रीस लावावे आणि शाफ्टच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर ओठ आत जातानाच फाटतो. ड्रेन प्लगखालचा तांब्याचा वॉशर तांबूस होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ होऊन पुन्हा वापरता येतो.

उभ्या सांध्याने जोडलेल्या क्रँककेसचा तळ हा शेवटचा मुद्दा. तो सांधा ऑइलच्या पातळीखाली असतो आणि तो नीट करायचा तर संपूर्ण इंजिन खोलावे लागते. होंडाच्या 1969 च्या सीबी 750 सारख्या इंजिनांत क्रँककेस आडवी विभागलेली असल्याने हा त्रास मुळातच कमी झाला. उभ्या सांध्याच्या तळाशी नुसता ओलावा असेल आणि मागच्या टायरवर काही उडत नसेल, तर मी तो चिंधीने पुसतो, पातळी पाहतो, आणि दुसऱ्या एखाद्या कामासाठी इंजिन उतरेपर्यंत त्याला हात लावत नाही.