ब्रेकवरून पाय उचलायचा कसा

मंडळी, मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. फळ्यावर विषय लिहिलाय 'जीटी थ्री गाडीचा सेटअप', म्हणजे सिमवर, कॉम्प्युटरच्या रेसिंग गेममध्ये, या क्लासच्या रेस गाडीची जुळवणी कशी करायची, आणि त्यावर मी बोलणार आहेच, विंग, बार, टायर प्रेशर सगळं, पण त्याच्या आधी मला ब्रेकबद्दल बोलायचंय. ब्रेक दाबण्याबद्दल नाही, सोडण्याबद्दल. कारण माझं स्पष्ट मत आहे की ज्याला आपण सेटअपचा प्रॉब्लेम म्हणतो तो दहातल्या आठ वेळा डाव्या पायाचा प्रॉब्लेम असतो.

आधी एक सांगा, दुसऱ्या कुणाचा सेटअप विकत घेतलाय किंवा मागून आणलाय असे किती जण? करा हात वर. बघा, जवळपास सगळी खोली. आता तो लोड करून पहिल्या दोन लॅपमध्ये गाडी फिरली असे किती? हात खाली घेऊच नका, तेच आहेत.

आमची तीन जणांची टीम, सिमवरच स्पाला, बेल्जियमच्या त्या ट्रॅकवर, सहा तासांची रेस होती, महिनाभर आधीपासून प्रॅक्टिस चालू. आमचा तिसरा ड्रायव्हर वयाने सगळ्यात लहान, हात एकदम मस्त, पण रिव्हाजला दर वेळी गाडी बाहेर. ले कोंब झालं, माल्मेडी झालं की जो उतारावरचा लांबलचक उजवा हेअरपिन येतो ना, तो. तिथे हा ब्रेक मारणार, स्टेअरिंग फिरवणार, आणि गाडी आपली सरळ चाललीये. म्हणाला, दादा, अंडरस्टिअर आहे, पुढचा अँटी-रोल बार सॉफ्ट करूया. हा बार म्हणजे वळताना गाडी कलू न देणारी दांडी. केला. रिव्हाजला जरा बरं वाटलं, पण पुढे पुओंला, तो स्पीडचा लांब डावा, तिथे मागची बाजू सुटायला लागली. मग मागची विंग, हवेच्या दाबाने गाडी खाली दाबणारा पंख, दोन क्लिक वाढवली. मागचं बसलं, पण केमेल स्ट्रेटवर जो तो बाजूने निघून जायला लागला. मग म्हणे विंग परत कमी करू आणि पुढची राइड हाइट, म्हणजे जमिनीपासूनची उंची, खाली घेऊ, घेतली, तर ओ रूजच्या खड्ड्यात गाडी खाली आपटते. मग स्प्रिंग कडक केल्या, आणि स्प्रिंग कडक केल्यावर रिव्हाजला काय झालं असेल? परत अंडरस्टिअर. दोन आठवडे गेले यात, फोल्डरमध्ये सेटअपच्या सत्तावीस फाइल आणि रिव्हाज होतं तिथेच.

शेवटी एका रात्री मोटेक, गाडीचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून त्याची लॅप आणि माझी लॅप एकावर एक ठेवली. ब्रेकची लाल रेघ. वर चढताना दोघांची सारखीच, भिंतीसारखी उभी. खाली उतरताना माझी घसरगुंडीसारखी, हळूहळू, पार अपेक्सच्या, वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाच्या, जवळपर्यंत. त्याची उतरतानाही भिंतच, ८० टक्क्यांवरून झटक्यात शून्य, आणि स्टेअरिंगची रेघ हलायला लागते ती त्याच्यानंतर. म्हणजे ब्रेक मारताना पुढे आलेलं वजन त्याने एका फटक्यात मागे पाठवलं, नाक वर आलं, पुढच्या टायरवरचा दाब गेला, आणि नेमकं तेव्हाच त्या टायरला म्हणतोय की आता वळ. तो टायर वळेल कसा?

बोट स्क्रीनवर ठेवून तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "दादा, पण मला असंच शिकवलंय, ब्रेक सरळ रेषेत मारायचा आणि वळायच्या आधी पूर्ण सोडायचा."

हेच, हेच माझं दुखणं आहे. हे सगळ्यांनाच शिकवतात, आणि पहिल्या आठवड्यासाठी ते बरोबरच आहे, नवा माणूस ब्रेकवर असताना वळला की मागचं सुटतं, फिरतो बिचारा. पण दुसऱ्या आठवड्यात पुढचं वाक्य कुणी सांगत नाही! पुढचं वाक्य असं, की टायरकडे ग्रिप ठरावीकच असते, सरळ असताना सगळी ब्रेकला द्या, आणि मग जेवढं स्टेअरिंग आत जाईल तेवढाच पाय वर येऊ द्या. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, शब्द सगळ्यांना माहितीये, रेघ फार थोड्यांची तशी दिसते.

आम्ही सत्तावीसच्या सत्तावीस फाइल बाजूला ठेवल्या, गेममधला तयार सेटअप लावला आणि चार संध्याकाळी फक्त ब्रेक सोडायची प्रॅक्टिस केली. तो तोंडाने मोजायचा, एक... दोन... तीन, आणि तीनला पाय पूर्ण वर. पहिले दोन दिवस आधीपेक्षाही हळू जात होता, वैतागला होता. चौथ्या दिवशी मी हेडफोनवर ऐकतोय आणि रिव्हाजला टायरचा आवाजच वेगळा आला, ती नेहमीची किंचाळी नाही, एक सलग खरखर, आणि पाठोपाठ हा ओरडला, "दादा, आली आत!" गाडीत एक क्लिक बदलला नव्हता.

आता कुणी म्हणेल जीटी थ्रीला तर एबीएस आहे, मग इतकं कशाला? हो, आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला बंदी आहे, पण जीटी थ्री हा क्लास २००६ मध्ये सुरू झाला तो हौशी ड्रायव्हरही प्रोंबरोबर पळावेत म्हणून, त्यामुळे एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे रेस देताना चाकं घसरू न देणारं, दोन्ही असतं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. वळताना एबीएस करकर वाजतोय म्हणजे टायरची सगळी ताकद थांबण्यात चाललीये, वळायला उरलीच नाही.

आणि पेडलचं पण बोलतो, कारण विचारतातच. लोडसेलचं पेडल घ्यावं, जमेल तेव्हा. साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोडसेल जोर किती लावला ते मोजतो, आणि आपल्या पायाला अंतरापेक्षा जोर जास्त नीट लक्षात राहतो. हे पायाचं शिकणं खोटं नसतं हो. जेम्स बाल्डविन सिमवरून आला, २०१९ मध्ये वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर ही गेमर्सची स्पर्धा जिंकला आणि २०२० मध्ये ब्रिटिश जीटी या चॅम्पियनशिपमधली आपली पहिलीच रेस मॅकलारेनमधून जिंकला, खऱ्या ट्रॅकवर, खऱ्या गाडीत.

दहाच मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, सेटअप. भरभर सांगतो, लिहून घ्या.

सगळ्यात आधी टायर प्रेशर, ते चुकलं तर बाकी कशालाच अर्थ नाही. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये सध्या ड्राय टायरला २६ ते २७ पीएसआय धरायचं, पण गरम झाल्यावर, पिटमध्ये उभ्या गाडीत दिसतं ते नाही. चार-पाच लॅप मारा, मग बघा. हवा एक डिग्रीने तापली की प्रेशर साधारण ०.१ पीएसआयने वाढतं, त्यामुळे दुपारचं प्रेशर रात्रीच्या रेसला चालत नाही.

मग पेट्रोल. शंभर लिटर म्हणजे जवळपास ७५ किलो. क्वालिफाइंगच्या थोड्याशा पेट्रोलवर जमवलेली गाडी भरल्या टाकीवर वेगळीच वागते. पोर्शेवाल्यांनी तर खास लक्ष ठेवा, इंजिन मागे, टाकी पुढे, म्हणजे स्टिंट, एका टाकीवरचा टप्पा, संपत आला की आधीच हलकं असलेलं नाक अजून हलकं होतं.

ब्रेक बायस, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत कसा वाटायचा ते, पुढे घेतला की गाडी शांत, मागे घेतला की वळणात शिरताना जास्त फिरते, आणि हा चालवता चालवता बदलता येतो, तर बदला ना! ट्रेल ब्रेकिंग जमायला लागलं की एकेक क्लिक मागे आणा. अँटी-रोल बार पुढचा सॉफ्ट किंवा मागचा कडक केला की गाडी जास्त वळते, उलट केलं की कमी. हळू कॉर्नरला त्रास असेल तर बार, डिफरेन्शियलचा (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचा) प्रीलोड वगैरे बघा, फक्त फास्ट कॉर्नरला असेल तर विंग आणि राइड हाइट, कारण हवेचा दाब स्पीडच्या वर्गाने वाढतो, हेअरपिनला विंग फारसं काही करत नाही. डॅम्पर, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, पाच लॅप, मग पुढची.

आमच्या त्या पोराच्या गाडीत शेवटी रेसच्या दिवशी काय बदललं होतं सांगतो: प्रेशर, आणि बायस दोन क्लिक मागे. बस्स.

चला, प्रश्न घेऊ. त्या खांबाजवळच्या ताईंचा हात मघापासून वर आहे, तुम्ही विचारा आधी.