वर पत्रा, बाजू मोकळ्या

(दृश्य : यावल तालुक्यातलं शिवार. मागे सातपुडा, पुढे केळीची बाग. पश्चिमेकडून आभाळ भरून येतंय.)

खान्देशात पावसाच्या आधी वारा पोहोचतो. मे-जूनमधली वादळं रावेर, यावल, चोपड्याकडच्या उभ्या केळीबागा आडव्या करून जातात. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, कधी गारा. अशा वेळी खळ्यात चूल पेटलेली असली की सगळ्यांची एकच धावपळ होते. कुणी ताडपत्री ओढतं, कुणी शेडनेटचा तुकडा आणतं, कुणी निखाऱ्यांचं घमेलं उचलून थेट ओसरीत नेतं.

उघड्यावर रांधायची आपल्याकडे जुनी रीत आहे. खापरावरची पुरणपोळी आहे, पळकाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेलं भरिताचं वांगं आहे. आणि आता काही मळ्यांवर, ढाब्यांवर धुरीचा ड्रमही दिसू लागलाय, ज्याला स्मोकर म्हणतात. झाकण लावलेल्या लोखंडी पिंपात मंद आच, भरपूर धूर आणि आत तासन् तास शिजणारं कोंबडीचं किंवा माशाचं मांस. यातल्या खापराच्या चुलीला आणि ड्रमला आडोसा हवा. पण तो कसा हवा, हे ठरवताना आपण पावसाचाच विचार करतो. धुराचा आणि धुरात उभ्या असलेल्या बाईमाणसाचा करत नाही. या निवेदनात त्यांचा विचार आधी करायचा आहे.

(दृश्य : चुलीवर पालथं खापर. दोन हात. मनगटावरून कोपराकडे सरकणारी पोळी.)

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई, ही खान्देशची देवी, घरोघरी बसते. मुंबईला, पुण्याला, सुरतेला गेलेली माणसं गावाकडे येतात. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू दळले जातात, घरोघरी पुरण शिजतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, हेच खापर चुलीवर चढतं, पण तेव्हा फार तर एखादा वळीव येतो. कानबाईला मात्र भर पावसाळा असतो.

खापर म्हणजे मातीचं मोठं, पसरट भांडं. ते चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या फुगीर पाठीवर पोळी भाजतात. पुरण भरलेली सैल कणीक या हातावरून त्या हातावर फिरत राहते, फिरता फिरता पातळ आणि मोठी होते, आणि मग एका झोक्यात खापरावर पडते. त्या क्षणी दोन्ही हात गुंतलेले असतात. डोळ्यांत धूर गेला तरी पुसायला हात नसतो. पोळी वाकडी पडली, कडा लोंबली, तर ती सावरताना बोटं खापराला लागतात. आता वरच्या पत्र्याची पागोळी नेमकी तापलेल्या खापरावर पडली असं समजा. जिथं पाणी लागलं तिथली माती एकदम आकसते, बाजूची तशीच तापलेली राहते, आणि खापराला तडा जातो. तेव्हा छप्पर असं हवं, की पाणी चुलीपासून लांब पडेल आणि धूर रांधणारीच्या तोंडापासून लांब जाईल.

(दृश्य : ओसरीच्या कोपऱ्यात धुमसणारं घमेलं. कॅमेरा हळूहळू दारातून आत, बंद खिडकीकडे.)

निखाऱ्यांचं घमेलं किंवा पेटता ड्रम ओसरीत, पडवीत, गोठ्यात, गाडी लावायच्या शेडमध्ये कधीही नेऊ नका. पाच मिनिटांसाठीही नको, दार उघडं असलं तरी नको. ज्वाळा विझून नुसता विस्तव उरला की आपल्याला वाटतं, धोका टळला. खरं तर त्याच विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. मग आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आणि माणूस समजतो की दिवसभराच्या कामानं थकलो, जरा पडावं. तिथंच घात होतो. असं वाटलं की आधी माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, मग १०८ ला फोन करायचा.

ताडपत्रीचंही तसंच. आपल्याकडच्या ताडपत्र्या, शेडनेट, ठिबकच्या नळ्या, सगळं एकाच कुळातलं प्लॅस्टिक. साधारण १३० अंशांच्या आसपास ते वितळतं, पेटलं की त्याचे जळते थेंब खाली गळतात. चुलीच्या वर बांधलेल्या ताडपत्रीखाली कुणी बसलेलं असतं, हे विसरून चालत नाही. आणि शेतातला मांडव बहुधा ठिबकच्या जुन्या नळीनंच बांधलेला असतो. आच लागली की आधी ती गाठ सुटते.

(दृश्य : जेसीबीनं घेतलेला खड्डा. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम.)

आता शेड बांधायला घेऊ. सुरुवात जमिनीपासून, कारण काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात नुसते रोवलेले लोखंडी खांब दोन पावसाळ्यांत कलतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा. मुरूम फारच खोल असेल तर काळी माती काढून खड्ड्यात मुरूम भरून चोपायचा, आणि त्यावर काँक्रीटमध्ये खांब बसवायचा. ओटा जमिनीपासून दीड फूट उंच घ्या. खान्देशात पाऊस एकंदरीत कमी, पण पडतो तेव्हा तासाभरात खळ्याचं तळं करतो.

ओट्यावर थेट आग करू नका. काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी तापून वाफ झालं की वरचा थर उडतो. शहाबादी फरशीही तडकते. वाळूचा थर, त्यावर पक्क्या भाजलेल्या विटा आणि त्यावर चूल, असं करा. तीन दगडांची चूल मांडणाऱ्यांना एक विनंती आहे. तापीच्या किंवा गिरणेच्या पात्रातला ओला गोटा त्यासाठी घेऊ नका. आत मुरलेलं पाणी तापलं की तो फुटतो आणि कपच्या उडतात. समोर पोरं बसलेली असतात.

(दृश्य : शेडचा आराखडा. बाणांनी दाखवलेला वारा, धूर आणि पाणी.)

आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून छप्पर एकपाखी घ्या, उतार पश्चिमेकडे. पश्चिमेची बाजू आठ फूट, पूर्वेची दहा फूट. पत्रा बाजूंना तीन-तीन फूट बाहेर काढा. पाणी पश्चिमेला पन्हळीत पडेल. धूर वर चढेल, पत्र्याच्या पोटाशी सरकत पूर्वेच्या उंच कडेनं बाहेर जाईल, आणि त्या बाजूला वारा ओढत असल्यानं रेंगाळणार नाही.

पत्रा साधा नालीदार लोखंडी घ्या. सिमेंटचे जुने पत्रे फुकट मिळतात म्हणून आगीवर घालू नका. ते तापले की फुटतात, तुकडे उडतात, आणि त्यातले अॅस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसाला वाईट.

भिंत किती? इथं बहुतेकांची गफलत होते. पाऊस आत येतो म्हणून आधी पश्चिम बंद करतात, मग दक्षिण, मग उत्तर. तीन बाजू बंद, एक उघडी. अशा शेडमध्ये धूर कोंडतोच, आणि वादळ उघड्या बाजूनं शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते पत्र्याला खालून उचलतं. म्हणजे ज्या बंदिस्तीनं माणूस गुदमरतो, तिनंच छप्पर उडतं. भिंत एकच ठेवा, पश्चिमेची, साडेतीन फुटांची. तेवढ्यानं चुलीच्या उंचीवरचा वारा अडतो आणि भिंतीवरून जाणारा वारा धूर घेऊन निघून जातो. भिंतीचे वरचे दोन थर मातीत बसवा, म्हणजे गरजेप्रमाणे काढता-घालता येतील. पत्रे खिळ्यांनी ठोकू नका. हुकाचे बोल्ट, वायसर घालून, कैचीला, म्हणजे छपराच्या सांगाड्याला, आवळून घ्या.

चूल अशी मांडा की रांधणारी दक्षिणेला बसेल आणि तिचं तोंड सातपुड्याकडे राहील. नैर्ऋत्येचा वारा तिच्या पाठीमागून, डाव्या खांद्यावरून येतो आणि धूर समोरून उजवीकडे निघून जातो. वीतभर जागा बदलली तरी डोळ्यांना फरक कळतो. हे आराखड्यात दिसत नाही. तिथं एकदा बसून पाहावं लागतं.

घरापासून शेड निदान दहा फूट लांब हवं. कडब्याची गंजी आणि घरात भरायचा राहिलेला कापूस यांच्यापासून तीस फूट, शक्य तर त्याहूनही जास्त. कापसाला एक ठिणगी पुरते, आणि आतल्या आत धुमसत असताना ती बाहेरून दिसतही नाही.

(दृश्य : ड्रमचं झाकण. धुराडं. दांडीचा थर्मामीटर.)

धुरीचा ड्रम पावसात वेगळी अडचण करतो. त्याचा पत्रा ओला झाला की ते पाणी सुकवायलाच आगीची उष्णता जाते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल लागतात. ती उष्णता मांसाला मिळत नाही. आत १०५ ते १२५ अंश टिकायला हवेत. पावसानं आच खाली आली की कोंबडी अर्धकच्च्या ऊबेत तासन् तास राहते, आणि ५ ते ६० अंशांमधल्या त्या ऊबेतच जंतू वाढतात. म्हणून अंदाजावर जाऊ नका. दांडीचा थर्मामीटर कोंबडीच्या जाड भागात खुपसा. ७४ अंश दिसेपर्यंत ती शिजलेली नाही.

पाऊस आला म्हणून ड्रमभोवती गोणपाट किंवा ताडपत्री गुंडाळणारेही आहेत. ते करू नका. धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवा आणि हवेची भोकं मोकळी ठेवा. धुराड्याच्या वर पत्र्यापर्यंत चार-पाच फूट तरी मोकळे राहू द्या. विकतचा स्मोकर असेल तर त्यासोबत आलेल्या पत्रकातलं अंतर पाळा. आत चरबी पेटली तर पाणी ओतू नका, जळती चरबी उसळून अंगावर येते. झाकण लावा, भोकं बंद करा, आग हवेविना बसेल. आणि ड्रम कशाचा होता ते आधी विचारा. ज्यात फवारणीचं औषध होतं, तो कितीही घासला-जाळला तरी अन्नाला लावायचा नाही.

विजेचा पंखा किंवा दिवा शेडमध्ये घेणार असाल तर जोडणी वायरमनकडून करून घ्या आणि ३० मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा.

(दृश्य : खळ्यात मांडलेली हिरवी-पांढुरकी वांगी. पळकाट्यांचा ढीग पेटतो. जाळ माणसाच्या डोक्यावर जातो.)

भरिताचा जाळ मात्र या शेडखाली आणू नका, पत्रा कितीही उंच असो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदची, आसोद्याची वांगी लोक दुरून येऊन नेतात. ती चव पळकाट्यांच्या भडक्यातून येते. कपाशीच्या वाळलेल्या काड्या एकदम पेटतात, जाळ पुरुषभर उठतो, पाच-दहा मिनिटांत खाली बसतो. तो मोकळ्या आभाळाखालीच शोभतो. भरिताचा हंगाम हिवाळ्याचा. अवकाळी आलाच, तर भरीत दुसऱ्या दिवशी करावं. वांगं एक दिवस थांबतं.

पळकाट्या तेवढ्या कोरड्या ठेवा, विटांवर, जमिनीपासून उंच, चुलीपासून लांब. पण पुढच्या हंगामापर्यंत साठवू नका. त्यांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते, म्हणून कृषी खातंही त्या रचून ठेवू नका असंच सांगतं.

सरपणाचंही सांगतो. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, दाट कडवट धूर सोडतं, आणि तो धूर पोळीला, मांसाला, श्वासाला सगळीकडे चिकटतो. वाळलेली बाभूळ, आंबा उत्तम. कुंपणाची कण्हेर चुलीत नको, ती विषारी. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, पेट्यांच्या फळ्या नकोत.

(दृश्य : झाकणाचा लोखंडी डबा. राखेवर हात धरून पाहणारी मावशी.)

पाऊस थांबला, जेवणं झाली, सगळे पांगले, तरी चूल जागी असते. राखेखालचा विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, पाणी घाला, ढवळा, पुन्हा घाला. उकिरड्यावर किंवा गोठ्यामागे टाकलेल्या कोरड्या राखेला रात्रीच्या वाऱ्यानं तोंड फुटतं.

ढग गडगडू लागले तर चूल तशीच सोडून पक्क्या घरात जा. हे शेड पावसापासून वाचवतं, विजेपासून वाचवत नाही, आणि झाडाखाली तर थांबूच नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते घरातल्या एका तरी मोबाइलवर असू द्या.

(दृश्य : रिकामं शेड. चुलीत ओल्या पाल्याचा धूर.)

कानबाईच्या आदल्या दिवशी, वारा असताना, चुलीत थोडा ओला पाला टाकून धूर करा. रांधणारी जिथं बसणार तिथं बसा, उभं राहा, वाका. धूर तोंडावर येत असेल तर पश्चिमेच्या भिंतीचा एक थर काढा आणि पुन्हा पाहा.