लेंड की बॉरो? उसनं देता की घेता, ते आधी बघा

नमस्कार राजेहो! सोपे शब्द आधी उरकून टाकू. लूझ म्हणजे हरवणं, लूस म्हणजे सैल. ॲडव्हाइस हा सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणं. झालं.

आता लेंड आणि बॉरो. दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, ‘सर, दोन्हीचा अर्थ उसनंच ना?’ घोळ इथंच आहे. मराठीत ‘उसनं’ एकच. देता की घेता, ते आपण पुढच्या क्रियापदावर सोडतो. इंग्रजीत ते शब्दाच्या पोटातच असतं. लेंड म्हणजे उसनं देणं, बॉरो म्हणजे उसनं घेणं. म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ चूक. ‘कॅन यू लेंड मी’ म्हणा, नाहीतर ‘कॅन आय बॉरो’.

(पेन पुढे धरून) हे पेन बघा. माझ्या हातून तुमच्याकडे गेलं. मी लेंड केलं, तुम्ही बॉरो केलं. अजूनही गोंधळ होत असेल तर पुढचा शब्द बघा: बॉरोसोबत फ्रॉम येतो, लेंडसोबत टू.

मी इतका मागे का लागतो, सांगतो. ताईच्या शिक्षणासाठी बाबांनी कर्ज काढलं तेव्हा मी बारावीत होतो. नागपुरात बर्डीवरच्या एका बँकेत बाबांनी विचारलं, ‘बाळा, बॉरोअर म्हणजे आपण की बँक?’ मी छातीठोकपणे म्हणालो, ‘बँक.’ बाबांनी ती सहीची जागा कोरी सोडली. फॉर्म परत आला आणि त्यांची आणखी एक रजा गेली.

एका ताईंनी लिहिलंय, ‘भाषा बदलतच असते, मग चूक कसली?’ ताई, बदलते हे अगदी खरं. ‘नाइस’ म्हणजे एकेकाळी मूर्ख! लॅटिनमधल्या ‘अजाण’ अर्थाच्या शब्दातून तो आला. शेक्सपिअरच्या काळी ‘लर्न’ म्हणजे शिकवणं असंही चालायचं. आज पेपरात गुण कापतात. आपल्याकडेही बघा ना. संस्कृतात राग म्हणजे रंग, प्रेम; मराठीत संताप. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. नागपुरात तर आपण दोन्ही रोज ऐकतो.

पण हे बदल सगळ्यांच्या तोंडी रुळत रुळत झाले. कर्जाचा कागद मात्र आजच्या अर्थानंच वाचतात. तेव्हा घरात असा एखादा कागद असेल तर आज काढा. बॉरोअर कुठे छापलंय ते शोधा, आणि त्याखाली सही कोणाची आहे ते बघा.